बूटमास्तरांचा चमच्या

रानातल्या लॉजवरून ओढ्याकडे जाणाऱ्या फाटकाशी पोचलं की पाहुण्यांना पहिला प्राणी दिसायचा तो म्हणजे बूटमास्तर. काटकुळी अंगकाठी, दमट हवेत राहून राहून आकार हरवलेली टोपी, हातात लांब दांड्याचा ब्रश आणि पुढ्यात औषधाच्या पाण्याने भरलेला पसरट टब. नमस्कार-चमत्कार काही नाही. "पाय," एवढंच म्हणायचे.

माणसं लांबून लांबून आलेली असायची. गळ्यात भारीतल्या दुर्बिणी, पाठीवर कॅमेऱ्यांच्या पिशव्या. आणि रानात शिरायच्या आधी हा मनुष्य त्यांना बगळ्यासारखं एका पायावर उभं करायचा. बुटाच्या तळव्याच्या खाचाखाचांतून ब्रश फिरायचा, खडा अडकला असेल तर काडीने उकरला जायचा. एकदा एक पाहुणा वैतागला. "अहो, कालच दुकानातून आणलेत हे. कोरे आहेत, कोरे!" मास्तर म्हणाले, "असू देत. आता कोरे आणि धुतलेले होतील." आणि धुतले. परत येताना पुन्हा धुतले. जाताना एकदा, येताना एकदा, हा नियम लॉजच्या मालकालाही चुकला नाही. मालक म्हणे एकदा चपला घालून आला होता. चपला तर धुतल्याच, वर त्याची पावलंही घासून काढली.

यावरून त्यांचं नाव बूटमास्तर पडलं. खरं नाव बहुधा फक्त त्यांच्या बायकोला ठाऊक असावं, आणि तिचं तर सगळं 'अहो'वर भागायचं. ती लॉजच्या धुलाईखान्याची मुख्य. चादरी, टॉवेल, पडदे सगळं तिच्या हाताखालून जायचं. नवरा मास्तर म्हणून तिला सगळे मास्तरीणबाई म्हणत. "एक बूट धुतो, एक चादरी धुते, धुवायचंच घराणं," असं लॉजचा स्वयंपाकी म्हणायचा, अर्थात मास्तरीणबाई आसपास नसताना. कारण बाईंची जीभ. नव्या स्वयंपाक्याने पहिल्या दिवशी हौसेने विचारलं होतं, भाजी कशी झालीय. त्या म्हणाल्या, "मीठ घालायचं राहिलंय, आणि बाकी जे घातलंय ते नको होतं." मालकाला मूल झालं तेव्हा सगळे पाळण्याभोवती 'गोड, गोड' करत होते. या वाकल्या, नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "अजून सुरकुतलेलं आहे. थोडं मोठं झालं की सांगते." तोंडदेखलं बोलणं त्यांच्या गावीही नव्हतं. "आमच्या घरात आरसा लागत नाही," असं मास्तर म्हणायचे, आणि त्यात तक्रार असायची तेवढाच अभिमानही असायचा.

आता बूट धुण्याचं म्हणाल, तर लोकांना ते वेड वाटायचं. वेड नव्हतं. ती शिक्षा होती, मास्तरांनी स्वतःच स्वतःला दिलेली.

त्याचं असं झालं होतं. ओढा वरच्या अंगाला कातळावरून कोसळतो, तिथे खाली एक डोह आहे. डोहाच्या कडेने, जिथे सतत तुषार उडतात, तिथल्या कपारींत एक बेडूक राहायचा. अंगठ्याच्या नखाएवढा, रंग ओल्या दगडाचा. दिसायचा कुणालाच नाही, पण आवाज असा की ऐकणारा जागीच थांबावा. पातळ काचेच्या पेल्यावर कुणी हलकेच चमचा वाजवावा, तसा. टिंग. मग जरा थांबून पुन्हा, टिंग. गाईड लोकांनी त्याचं नाव ठेवलं होतं चमच्या. लॉजमध्ये मालकाच्या मागेपुढे करणारे चमचे बरेच होते, पण हा चमच्या निराळा. हा कुणाच्या पुढेपुढे करत नसे.

मास्तर तरुणपणी इथे कामाला लागले ते कानांच्या जोरावर. त्या रानात डोळ्यांचा फारसा उपयोग नाही. पानावर पान, वेलीवर वेल, आणि सगळ्यावर नेचे. नजर हातभर अंतरावर अडते. तिथे कानोसा घेणारा गाईड लागतो. मास्तर पाहुण्यांना म्हणायचे, "डोळे मिटा, म्हणजे दिसेल." आणि खरोखर, पानांची कुठे कशी सळसळ झाली यावरून ते घोरपड आहे की साप ते सांगायचे, आणि मग त्या दिशेला दुर्बीण लावली की घोरपड असायचीच.

चमच्यावर त्यांचा जीव होता. सुट्टीच्या दिवशी बाकीचे गाईड बाजारात जायचे, सिनेमाला जायचे. मास्तर डोंगर ओलांडून पलीकडच्या ओढ्यावर जायचे, का, तर तिथला चमच्या जरा जाड काचेवर वाजतो. मास्तरीणबाई म्हणायच्या, "सवत केलीय मला त्या ओढ्याने. आणि एक नाही, दोन-दोन." त्या स्वतः कधी ओढ्यावर गेल्या नाहीत. जळवा अंगाला चिकटतात, त्यात बघायचं काय, असं त्यांचं म्हणणं. मास्तर घरी येऊन बेडकाच्या गोष्टी सांगायला लागले की त्या या कानाने ऐकायच्या आणि त्या कानाने सोडून द्यायच्या.

एका वर्षी पलीकडचा ओढा मुका झाला. हवामानाने असेल, मास्तरांना वाटलं. पण राहवेना. ते पाण्यात उतरले, दगड उलटेपालटे केले, कपारींत हात घातला. तेव्हा मेलेले दोन-तीन चमच्ये सापडले, पोटं वर केलेले, कातडी सुटत आलेली. मास्तरांनी ते एका पानावर ठेवले, त्यांच्याकडे बघत बराच वेळ बसले आणि घरी आले. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच ओले बूट घालून ते पाहुण्यांना आपल्या ओढ्यावर घेऊन गेले. डोहाकाठच्या कपारीत त्याच बुटांनी उभे राहून त्यांनी चमच्या ऐकवला.

पुढचा पाऊस सुरू व्हायच्या आत आपलाही ओढा मुका झाला.

मग विद्यापीठातून एक बाई आल्या, हातमोजे आणि प्लास्टिकच्या डब्या घेऊन. लॉजवाल्यांनी त्यांचं नाव लगेच बेडूकबाई ठेवलं. त्यांनी सांगितलं, हा बेडकांच्या कातडीचा रोग आहे, पाण्यात आणि ओल्या मातीत राहतो. "कशानंही आला असेल हो. पाण्याबरोबर, पक्ष्यांच्या पायांना लागून, जनावरांच्या खुरांनी, बुटांनी. कुणीच सांगू शकत नाही." त्या लांबलचक यादीतला मास्तरांनी फक्त शेवटचा शब्द ऐकला, बुटांनी.

त्या दिवशी ते घरी येऊन दाराशी काढून ठेवलेल्या बुटांकडे बघत बसले. मग बायकोला म्हणाले, "मीच आणला गं."

दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, छे, काहीतरीच काय. मास्तरीणबाईंनी हातातली घडी पुरी केली आणि म्हणाल्या, "असेल." मग थोड्या वेळाने, "नसेलही. मला काय माहीत?" त्यांच्याजवळ यापेक्षा जास्त दिलासा नव्हता, आणि जो नव्हता तो त्यांनी दिला नाही.

तेव्हापासून तो टब आणि तो ब्रश. बरीच वर्षं गेली. नवे गाईड आले, त्यांना चमच्या म्हणजे मास्तरांनी सांगितलेली एक गोष्ट, एवढंच माहीत.

आणि मग ती सकाळ उजाडली.

काळोख पातळ होत होता, तेव्हा फाटकावर बूट धुणं आटोपलं. पाहुणे म्हणजे एक वयस्क जोडपं, दोन मैत्रिणी आणि एक कॅमेरावाला. मास्तरांनी नेहमीसारखं सांगितलं, "हाताची घडी, तोंडावर बोट. काही दिसलं तर बोट दाखवायचं नाही, नुसतं थांबायचं." ओळ निघाली. पानांवरून टपटप पाणी गळत होतं. पहिल्या वळणावर खंड्या निळी रेघ मारून गेला. वाळूवर पाणमांजराने नुकत्याच खाल्लेल्या खेकड्याची टरफलं होती, ती मास्तरांनी काडीने सारून दाखवली. दोन झाडांमध्ये ताणलेल्या जाळ्यात तळहाताएवढी कोळीण बसली होती, तिच्याखालून सगळे वाकून गेले. जळवांनी आपलं काम चालू ठेवलं होतं. कॅमेरावाला हळूच किंचाळला, तेव्हा मास्तर म्हणाले, "पिऊ द्या हो थोडं. तुम्ही तिच्या घरी आलाय."

डोहाशी पोचल्यावर ते सवयीने थांबले. इतकी वर्षं रोज थांबायचे. पाणी कोसळत होतं, नेचे तुषारांनी हलत होते.

टिंग.

मास्तरांचा हात वर गेला तो तसाच राहिला. कानांवर विश्वास बसेना. पुन्हा, अगदी स्पष्ट, टिंग.

"ऐकलंत?" ते कुजबुजले.

पाहुण्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मास्तर म्हणाले, "काचेच्या पेल्यावर चमचा वाजल्यासारखा. ऐकलात?"

"हो हो," वयस्क बाई म्हणाल्या. "किती गोड!"

"अगदी चमच्यासारखा," मैत्रिणींपैकी एक म्हणाली, आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. पाहुण्यांचं एक असतं. गाईड जे म्हणाला ते आपल्यालाही कळलं, असं सांगितलेलं बरं, नाहीतर सगळ्यांत आपणच ठोंबे ठरू. त्यांचा काही दोष नव्हता. पण मास्तरांना हे रोज दिसत होतं, आणि त्या दिवशी त्यांनी त्याकडे कानाडोळा केला. ते ओल्या दगडावर खाली बसले आणि रडले. कॅमेरावाल्याने त्यांचा एक फोटोही काढला.

घरी येऊन त्यांनी बूट काढायच्या आधी सांगितलं, "आहे गं तो! जिवंत आहे! म्हणजे मी नाही मारला. म्हणजे मारले असतील, पण सगळे नाही. वाचलेत काही!"

"दिसला?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

"ऐकला."

"दिसला का, विचारलं मी."

"चमच्या दिसत नसतो."

बाईंनी त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं आणि चहा टाकला.

त्यानंतरचे दिवस मास्तर जमिनीवर नव्हते. बूट धुताना गुणगुणायचे. पाहुण्यांची थट्टा करायचे. आपला चहा स्वयंपाक्याला देऊन टाकायचे. रोज सकाळी डोहाशी चमच्या हटकून ओरडायचा, आणि रोज कुणी ना कुणी पाहुणा 'हो, हो' म्हणायचा. मास्तर सुट्टीच्या दिवशीही तिथेच जाऊन बसायचे. कपारींत हात मात्र घालायचे नाहीत. एकदा घातला होता, तो पुरे होता.

घरात काही काही गोष्टी होत होत्या, पण त्यांचं लक्ष नव्हतं. एका सकाळी ते दाढी करता करता म्हणाले, "किती वेळ ढवळतेस चहा? वाजवते आहेस नुसती." बाई म्हणाल्या, "चहा अजून उतरवलाच नाहीये मी." दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, "यंदा रातकिडे कमीच आहेत." बाई म्हणाल्या, "अहो, बोंबलतायत की! कान किटले माझे." मास्तर हसले. किटलीची शिट्टी होऊन होऊन पाणी आटायचं, तरी ते समोर पेपर वाचत बसलेले असायचे. बाईंच्या मनात पाल चुकचुकली होती, पण नवऱ्याला इतक्या वर्षांनी गुणगुणताना ऐकलं होतं. त्या गप्प बसल्या. त्यांच्या आयुष्यात हे असं पहिल्यांदाच होत होतं.

मास्तरांनी बेडूकबाईंना कळवलं. त्या धावत आल्या. आता त्यांचे केस पिकले होते. त्यांनी डोहाशी रेकॉर्डर लावला, काही दिवस तिथेच ठेवला आणि मग लॉजच्या एका खोलीत हेडफोन लावून ऐकत बसल्या. एका संध्याकाळी त्या मास्तरांच्या घरी आल्या, स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसल्या. पाणी दिलं, ते प्यायल्या नाहीत.

"मास्तर, काही नाही हो त्यात."

"ओल गेली असेल यंत्रात."

"खंड्या आहे. पाणी आहे. तुमच्या शिंकासुद्धा आहेत." बेडूकबाई थांबल्या. "तुम्ही पाहुण्यांना 'ऐकलंत?' म्हणून विचारता, तेही आहे. सगळ्या दिवसांचं आहे. पण त्याच्या आधी काहीच नाही. नुसतं पाणी."

मास्तर टोपीची कड चिमटीत धरून सरळ करू लागले.

"एकदा कान तपासून घ्याल का?"

"माझे कान?" मास्तर उभेच राहिले. "या रानात अख्खा जन्म माझ्या कानांवर भाकरी खाल्लीय मी. माझे कान तपासणार?"

मास्तरीणबाई ओट्याकडे तोंड करून उभ्या होत्या. तशाच म्हणाल्या, "उद्या जाऊ."

मास्तर गेले ते बेडूकबाईंना खोटं पाडायला. दवाखाना शहरात, एका रंगांच्या दुकानाच्या वर. जिन्याला रंगाचा वास. बाहेरच्या खोलीत मोठ्या आवाजात टीव्ही लावलेला आणि त्यासमोर म्हातारे ओळीने बसलेले, त्यातले निम्मे झोपलेले. कानाचे डॉक्टर तरुण आणि हसतमुख होते. त्यांनी मास्तरांना कपाटाएवढ्या एका खोलीत बसवलं. भिंतींना स्पंज, दार उशीसारखं जाड. कानांवर हेडफोन, हातात एक बटण. "आवाज आला की दाबायचं, काका. बारीक आला तरी दाबायचं." दार बंद झालं.

अशी शांतता मास्तरांनी कधी ऐकली नव्हती. रानात शांतता नसतेच, तिथे काही ना काही गळत असतं, किरकिरत असतं. इथे काही नव्हतं. आणि मग त्या काहीच नसण्यातून आवाज आला.

टिंग.

मास्तरांनी बटण दाबलं. टिंग. दाबलं. ते चक्रावले. डॉक्टरांकडे आपला चमच्या आला कुठून? बेडूकबाईंनी जुनं रेकॉर्डिंग दिलं असणार. हुशार बाई! टिंग. दाबलं. त्यांना हसू यायला लागलं. एकही सोडला नाही त्यांनी. इतका मन लावून त्यांनी जन्मात कधी चमच्या ऐकला नसेल.

दार उघडलं. डॉक्टर आत डोकावले. त्यांचं हसू जरा गोंधळलेलं होतं.

"काका, मी अजून मशीन सुरू केलेलं नाही."

नंतर त्यांनी ते सुरू केलं आणि बराच वेळ चालवलं. बटण क्वचितच दाबलं गेलं, आणि दाबलं गेलं ते भलत्याच वेळी. मग डॉक्टरांनी नवरा-बायकोला समोर बसवून समजावलं. वयाने वरच्या पट्टीतले आवाज कानांना यायचे बंद होतात. मग मेंदूला ती रिकामी जागा सोसत नाही, तो स्वतःच तिथे काहीतरी वाजवत बसतो. कुणाला शिट्टी ऐकू येते, कुणाला किरकिर. "तुम्हाला चमचा ऐकू येतो. छान आहे की! लोकांना फार भयंकर काय काय ऐकू येतं."

"आणि खरोखरचा ओरडला तर?" मास्तरांनी विचारलं.

"कोण?"

"बेडूक. खरा."

डॉक्टरांनी कागदावरची रेघ बघितली. "तो नाही ऐकू येणार, काका. तो नेमका याच पट्टीतला."

"आणि हा कधी थांबेल?"

"सवय होईल," डॉक्टर म्हणाले.

परतीच्या बसमध्ये मास्तर खिडकीशी बसले होते. पेट्रोल पंप गेला, शाळा गेली, सिमेंटची दुकानं गेली, आणि चमच्या सगळीकडे ओरडत होता. जिथे पाण्याचा थेंब नाही तिथेही ओरडत होता. कानीकपाळी ओरडणं म्हणजे काय ते मास्तरांना त्या दिवशी कळलं. बाईंनी पिशवीतून पाण्याची बाटली काढून पुढे केली. त्यांनी मान हलवली.

मास्तरांचे काही दिवस असेच गेले. पाहुण्यांना घेऊन जायचे, डोहाशी न थांबता वळायचे. जेवण पुढ्यात तसंच राहायचं. एका सकाळी बायको धुलाईखान्यातून येताना दिसली तसे ते वाट अडवून उभे राहिले. डोळे ताप आल्यासारखे.

"मला ऐकू येत नाही म्हणजे तो नाही, असं नाही."

"बरं."

"यंत्रात ओल गेली असेल. पाहुणे काय, हो ला हो करतात. पण तुझे कान चांगले आहेत. आणि तू खोटं बोलत नाहीस." त्यांचा आवाज फाटला. "तू चल. एकदा चल. तू नाही म्हणालीस तर नाही. माझं संपलं मग."

मास्तरीणबाई जळवांबद्दल बोलल्या नाहीत. सवतीबद्दल बोलल्या नाहीत. "चला," म्हणाल्या. एवढ्यावरूनच मास्तरांनी ओळखायला हवं होतं.

सुट्टीच्या सकाळी दोघं निघाली. बाईंच्या पायात लॉजचे गमबूट, मापाला मोठे, चालताना फटक फटक वाजणारे. फाटकावर मास्तर म्हणाले, "पाय." त्यांनी खांब धरून पाय पुढे केला. मास्तरांनी इतक्या निगुतीने पाहुण्यांचेही बूट कधी धुतले नव्हते.

वाटेत त्यांनी बायकोला खंड्याची फांदी दाखवली, कोळिणीचं जाळं दाखवलं. जन्मभर घरी येऊन सांगत आले होते ते सगळं. बाई बघत होत्या. एक जळू मनगटावर चढली ती त्यांनी गुपचूप काढून टाकली. डोहाशी मास्तरांनी त्यांना दगडावर बसवलं, स्वतः समोर बसले.

"मी काही सांगणार नाही. तू नुसती ऐक. मी तुझं तोंड बघतो."

बाईंनी डोळे मिटले. पाणी कोसळत होतं. मास्तरांच्या कानात टिंग, टिंग चाललंच होतं, आणि ते बायकोच्या चेहऱ्यावर त्याचं काही उमटतंय का, भुवई हलते का, मान वळते का, हे श्वास धरून बघत होते. काही हलत नव्हतं. खंड्या आला, गेला. उन्हाचा एक तुकडा नेच्यांवरून सरकत त्यांच्या गुडघ्यावर आला. बाई मन लावून ऐकत होत्या, कपाळाला आठ्या पडेपर्यंत. मग त्या आठ्या गेल्या.

"अहो," त्या म्हणाल्या. "येतोय."

"काय येतोय?"

"तोच तुमचा. चमच्या."

मास्तरांचा जीव गोळा झाला. "आत्ता?"

"हो की. ऐका, परत ओरडला."

"कुठून?"

बाईंनी डोळे उघडले आणि हात वर केला. "त्या तिथून. त्या झाडावरून. वर, फांदीवर कुठेतरी बसलाय."

चमच्या जन्मात कधी झाडावर चढलेला नाही. त्याच्या बोटांना ती सोयच नाही. तो पाण्याच्या तुषारात, दगडाच्या पोटात जन्मतो आणि तिथेच मरतो. हे मास्तरांनी घरी शंभरदा सांगितलं होतं, आणि तेवढ्याच वेळा ते त्या कानाने बाहेर गेलं होतं.

मास्तरांनी बायकोकडे पाहिलं. ती फांदीकडे बघत होती, त्यांच्याकडे बघत नव्हती. हनुवटी थरथरत होती. तिला खोटं बोलायचा सराव नव्हता. 'मीच आणला' म्हटल्यावर 'असेल' म्हणणारी ही बाई. माणसाची अवस्था किती वाईट दिसत असेल, म्हणजे अशा बाईवर ही वेळ यावी? मास्तरांच्या आत काहीतरी शेवटचं मोडलं. चमच्या नव्हता. हिनेही जिवाचा कान करून ऐकलं होतं आणि काही नव्हतं. आपणच आणला होता तो रोग, आपल्या या पायांनी, आणि त्यातून कुणी वाचलं नव्हतं.

'खरंच?' असं एकदा विचारलं असतं तर ती तिथेच कोसळली असती. त्यांनी विचारलं नाही.

"हो," ते म्हणाले. "तिथेच बसतो तो."

मग दोघं उठली. परतताना मास्तर पुढे नव्हते, मागे होते. पहिल्यांदाच त्या वाटेवर ते कुणाच्या तरी मागून चालत होते. फाटकाशी आल्यावर बाईंनी न सांगता खांब धरला आणि पाय पुढे केला. मास्तर टबाजवळच्या दगडावर जाऊन बसले. ब्रश तिथेच होता, त्यांनी तो उचलला नाही.

"राहू दे," ते म्हणाले.

"अहो, येताना पण धुवायचे ना? नियम—"

"राहू दे गं. आता कुणासाठी?"

बाई एका पायावर तशाच उभ्या राहिल्या. मग त्यांनी पाय हळूच खाली टेकला. आपलं खोटं पकडलं गेलं, हे त्यांना कळलं, आणि मास्तरांना ते डोहाशीच कळलं होतं, तेही कळलं. त्यांचा चेहरा वेडावाकडा झाला. त्यांनी पदराने तो पुसला, एकदा, जोरात, चादरीवरचा डाग पुसावा तसा. मग खाली बसल्या, टब जवळ ओढला आणि ब्रश हातात घेतला.

"पाय," मास्तरीणबाई म्हणाल्या.

मास्तर हलले नाहीत. बाईंनी त्यांचा बूट घोट्याला धरून आपल्या मांडीवर घेतला आणि खाचाखाचांतून ब्रश फिरवायला लागल्या. चिखलाचं पाणी त्यांच्या साडीवर उतरत होतं. मास्तर त्यांच्या पिकल्या भांगाकडे बघत बसले होते, आणि कानात चमच्या ओरडत होता, थोडं थांबून, पुन्हा. एक बूट झाल्यावर बाईंनी तो खाली ठेवला आणि दुसऱ्या पायासाठी हात पुढे केला.